डोकं दुखतंय? आधी एक वही करा

मी एसटीत वाहक आहे, परभणी जिल्ह्यातल्या एका डेपोत. पाच वर्षांपूर्वी सकाळची गाडी घेऊन जिंतूरहून परभणीला येत होते. बोरीच्या अलीकडे तिकीट काढताना मशीनवरचा आकडा अर्धाच दिसायला लागला. पहिला अंक दिसायचा, पुढच्याच्या जागी चमचमणारी नागमोडी रेघ. मशीन ओढणीला पुसली, डोळे चोळले, एक डोळा झाकून पाहिलं, तरी तेच. वीसेक मिनिटांत रेघ आपोआप विरली आणि डावं कानशील ठणकायला लागलं. परभणीच्या स्टँडवर उतरले ती थेट ओकायलाच गेले.

सगळे म्हणाले, पित्त आहे. मलाही तेच वाटलं. पुढची दोन वर्षं मी मेडिकलवरून डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, चष्मा केला, सीटी स्कॅन केला. महिन्यातून दोनदा दुखणारं डोकं आठवड्यातून चार-पाचदा दुखायला लागलं. शेवटी नांदेडला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं गेले, तेव्हा कळलं की ही अर्धशिशी आहे आणि निम्मं दुखणं मी खात असलेल्या गोळ्यांनीच वाढवलंय.

मी डॉक्टर नाही. पण ज्या क्रमानं मी आधीच जायला हवं होतं, तो क्रम खाली लिहिते. गाडीत रोज कोणी ना कोणी कपाळाला फडकं आवळून बसलेलं दिसतं, त्यांच्यासाठी.

१. आधी हे बघा: लगेच दवाखाना गाठायचं दुखणं आहे का?

बहुतेक डोकेदुखी जिवावरची नसते. पण खालच्यापैकी एकही गोष्ट असेल तर दुखणं लिहायची वही, लेप, बाम काही नको. सरळ १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठा दवाखाना गाठा.

- दुखणं अचानक, एखाद्या मिनिटात टोकाला गेलं. "असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं" असं वाटलं
- ताप आहे, मान आखडली आहे, माणूस बरळतोय किंवा गुंगीत आहे
- तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, नजर गेली
- फिट आली (आपल्याकडं मिरगी म्हणतात)
- डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत चाललंय, उलट्या होतायत
- डोळा लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलय दिसतंय आणि डोळा-डोकं दोन्ही फुटतंय
- बाई गरोदर आहे किंवा बाळंत होऊन थोडेच आठवडे झालेत आणि डोकं नव्यानं जोरात दुखतंय

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, खोकताना किंवा आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, कानशिलाला हात लावला तरी दुखणं आणि घास चावताना जबडा भरून येणं, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शेवटच्या प्रकारात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

बाळंतिणीबद्दल थोडं जास्त लिहिते. आपल्याकडं बाळंतिणीचं डोकं दुखलं की "वारं लागलं" म्हणतात, कान बांधतात, पाणी कमी देतात. पण बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, बीपी वाढून फिट येऊ शकते, आणि दोन्हींची सुरुवात साध्या डोकेदुखीनं होऊ शकते. तिला भरपूर पाणी द्या आणि त्याच दिवशी दाखवा. घरातल्या मोठ्यांनी नको म्हटलं तरी न्या.

२. दुखणं कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली, ती आधी पटेचना. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्यावरचं आवरण, तिथल्या रक्तवाहिन्या, मानेचे आणि डोक्यावरचे स्नायू. यातली बरीचशी जाणीव चेहऱ्याच्या एका मोठ्या नसेतून जाते, ट्रायजेमिनल म्हणतात तिला. म्हणून दुखणं कधी डोळ्यामागं वाटतं, कधी दाढेत, कधी नाकाच्या बाजूला. मग माणूस डोळ्यांच्या, दातांच्या, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं फिरत राहतो.

नेहमी भेटणारे तीन प्रकार असे:

ताणाची डोकेदुखी. सगळ्यात जास्त लोकांना होते ती हीच. दोन्ही बाजूंनी, डोक्याला पट्टा आवळल्यासारखी. अर्ध्या तासापासून आठवडाभरही राहते, पण उलटी होत नाही, चाललं-फिरलं म्हणून वाढत नाही. माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. नाडीबरोबर ठणकते, बऱ्याचदा एका बाजूला. नाव अर्धशिशी असलं तरी दोन्ही बाजूंनीही दुखू शकते. औषध न घेता ४ ते ७२ तास टिकते. मळमळ, उलटी, उजेड नको, आवाज नको. गाडीच्या पायऱ्या चढल्या की घण बसतात. बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट. काहींना दुखण्याआधी माझ्यासारखी रेघ दिसते किंवा हाताला मुंग्या येतात. ते ५ मिनिटांपासून तासभर चालतं.

तिसरा प्रकार विरळा, पण फार वाईट. इंग्रजीत त्याला क्लस्टर म्हणतात. एकाच डोळ्याभोवती सळई खुपसल्यासारखं, त्याच डोळ्यातून पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद. १५ मिनिटं ते ३ तास. अर्धशिशीचा माणूस अंधारात पडून राहतो, हा मात्र येरझाऱ्या घालतो. पुरुषांत जास्त. याला वेगळे उपचार आहेत, थेट मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

आता पित्ताचं. "पित्त चढलं म्हणून डोकं दुखतंय, उलटी झाली की उतरतं" असं आपल्या घराघरांत म्हणतात. मी तर घशात बोटं घालून उलट्या काढायचे. खरं म्हणजे अर्धशिशीतच पोटाचं काम मंदावतं आणि मळमळतं. उलटी हा त्याच दुखण्याचा भाग आहे. अनेकांचा झटका उलटी होता होता उतरायला लागतो, म्हणून पित्त बाहेर पडल्यासारखं वाटतं. यातून एक कामाची गोष्ट निघते: पोट मंदावल्यावर घेतलेली गोळी नीट अंगी लागत नाही, ती बराच वेळ तशीच पडून राहते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्यायची असते, "बघू, उतरेल" म्हणत दुपार करायची नसते.

सायनसचंही तसंच. खऱ्या सायनसमध्ये नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, बऱ्याचदा ताप असतो. हे काहीच नसताना दर महिन्याला "सायनस" होत असेल तर ती अर्धशिशी असण्याचीच शक्यता जास्त.

गाडीत एक आत्या म्हणाल्या होत्या, "पोरी, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा, माझी अर्धशिशी तशीच गेली." त्यांचा जीव तुटत होता, म्हणून मी हो म्हटलं. पण अर्धशिशीचा झटका तीन दिवसांत आपला आपण उतरतोच. त्या तीन दिवसांत जे शेवटी केलं, त्याला माणूस औषध समजतो. जिलेबी, सुंठेचा लेप, दृष्ट काढणं, सगळ्यांचं यश बहुतेक असंच आलेलं असतं. लेपानं गार वाटत असेल तर जरूर लावा. फक्त त्यापायी तपासणी लांबवू नका.

३. वही करा, दोन महिने लिहा

साधी दहा-वीस रुपयांची वही चालते. मी जुन्या डायरीत लिहिलं. दुखलं त्या दिवशी एवढंच:

- तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं
- कुठं दुखलं, ठणकलं की आवळलं
- दहापैकी किती
- मळमळ, उलटी, उजेडाचा त्रास, रेघ दिसली का
- आदल्या रात्री किती झोप, जेवण कधी झालं, चहा किती
- कुठली गोळी, किती वाजता, किती घेतल्या
- बायकांनी पाळीची तारीख

लिहायला दोन मिनिटं लागतात. न दुखलेल्या दिवशी नुसती फुली मारा, म्हणजे महिन्याचे चांगले दिवसही मोजता येतात.

माझ्या वहीनं दोन गोष्टी दाखवल्या, ज्या मला दोन वर्षांत दिसल्या नव्हत्या. एक, पाळीच्या आदल्या दोन दिवसांपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत एक झटका ठरलेला. दुसरी गोष्ट बघून मी थक्क झाले: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हमखास दुखायचं. ड्युटीला मी चारला उठून साडेचारला चहा घेते. सुट्टीला नऊपर्यंत झोपायचे, चहा साडेनऊला. मेंदूला रोजच्या वेळेची झोप नि रोजच्या वेळेचा चहा हवा असतो, त्यात पाच तासांची उलथापालथ झाली की अर्धशिशी उठते. आता सुट्टीलाही सहापर्यंत उठते. एवढ्यानं महिन्याचे दोन झटके कमी झाले.

४. आपल्या भागातली कारणं तपासा

ऊन. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा ४२-४३ ला जातो. पाणी कमी पडलं की डोकं धरतं. सावली, ओलं फडकं, ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण अंग भट्टीसारखं तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्यात न्या. उन्हानं सुकलेल्या अंगावर वेदनाशामक गोळ्यांचा मारा करू नका, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

उपवास. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे. उपाशीपोटी डोकं दुखतं, आणि अर्धशिशीवाल्यांचं जास्त. मी तुळजापूरला जाते, नवरात्र करते. पण निरंकार सोडून फराळ करते. रोजे धरणाऱ्यांनी सहर (पहाटेचं जेवण) चुकवू नये आणि आधीच्या आठवड्यात चहा हळूहळू कमी करावा. चहा एकदम तुटला की दुसऱ्या दिवशी डोकं दुखणारच.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. पूजा, लग्न, यात्रा आली की मेडिकलवरून परस्पर आणल्या जातात. ज्यांना अर्धशिशीआधी रेघा दिसतात, त्यांना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. स्त्रीरोगतज्ज्ञांना "मला रेघा दिसतात" हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

शेगडी. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात. कोळशाच्या धुरात एक बिनवासाचा विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. खूण सोपी आहे: खोलीतल्या सगळ्यांचंच डोकं दुखतं, गरगरतं आणि अंगणात आलं की उतरतं. अशा वेळी आधी सगळ्यांना बाहेर काढा, बाळाला सगळ्यात आधी. मग दवाखाना.

फवारणी. कापूस-सोयाबीनवर फवारून आल्यावर डोकं दुखतंय, घाम सुटलाय, तोंडाला लाळ आहे, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झालीय, तर ती विषबाधा आहे. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरायची गोष्ट नाही.

बीपीबद्दल गैरसमज आहे. थोडं वाढलेलं बीपी बहुधा डोकं दुखवत नाही, ते मुकाट्यानं नुकसान करतं. म्हणून डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.

५. गोळ्या मोजा

सगळ्यात मोठा सापळा हाच, आणि तो मला कोणीच सांगितला नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, महिन्यात किती दिवस गोळी घेता?" मी म्हटलं, "फार नाही." ते म्हणाले, "पर्स उघडा." पर्सच्या आतल्या कप्प्यात, सुट्ट्या पैशांत मिसळलेली, सहा रिकामी पाकिटं निघाली. एकेका पाकिटात दहा गोळ्या. ती सगळी त्याच महिन्याची होती.

नियम असा आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली, कॅफीन किंवा अरगोटामिन असलेली गोळी, तसंच अर्धशिशीसाठीची ट्रिप्टान गटातली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. सकाळी उठतानाच डोकं जड. गोळी घेतली की चार तास बरं, मग परत. माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून तो गोळी वाढवतो.

मेडिकलवर मागताना "डोक्याची गोळी द्या" म्हणू नका. पाकिटावरची औषधांची नावं वाचा, वहीत उतरवा. कितीतरी गोळ्यांत एकाच पाकिटात तीन औषधं असतात. दमा, पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊच नका. ताप आणि डोळ्यांमागं दुखणं असेल, डेंगीची साथ असेल तर डॉक्टरांकडं जाईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

गोळ्या तोडताना पहिले काही दिवस फार वाईट जातात. माझे आठ दिवस गेले, रजा टाकून. दोन ते दहा दिवस दुखणं उसळतं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत उतरत जातं. हे डॉक्टरांच्या देखरेखीतच करा. ट्रामाडॉलसारख्या काही जोरदार वेदनाशामक गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात.

६. दवाखान्यात जाताना काय न्यायचं

- वही
- घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा
- जुने केसपेपर, चष्म्याचा नंबर, आधीचा स्कॅन असेल तर फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही
- आधार कार्ड आणि शिधापत्रिका. आयुष्मान किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तेही. या योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत, साध्या तपासणीला त्या लागत नाहीत
- झटका पाहिलेलं घरचं माणूस

आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी मोफत आहे. बीपी, डोळ्यांचा पडदा, रक्तातलं हिमोग्लोबिन तिथं बघता येतं. पुढं पाठवलं तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरी, लातूर आणि अंबाजोगाई इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथं मेडिसिन विभागाचा केसपेपर काढा. सकाळी लवकर पोचा, खिडकीवरची रांग मोठी असते.

डॉक्टरांसमोर "डोकं लई दुखायलंय" एवढंच म्हणून थांबू नका. वही पुढं करा आणि सांगा: महिन्यात इतके दिवस दुखतं, इतके तास राहतं, इतके दिवस गोळी घेतली. हे तीन आकडे आधी सांगा.

७. स्कॅनची घाई करू नका

मला एका खाजगी केंद्रात काही न विचारता आधी सीटी स्कॅनला पाठवलं. रिपोर्ट नॉर्मल आला, "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. घरचेही मग म्हणायला लागले, काहीच नाही तर दुखतं कसं? तो काळ दुखण्यापेक्षा अवघड होता.

अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही. तिचं निदान विचारपूस आणि तपासणीवरूनच होतं. पहिल्या पायरीतली लक्षणं असतील, किंवा डॉक्टरांना तपासताना काही वेगळं आढळलं, तर स्कॅन हवाच. एरवी आधी विचारा, "यातून काय शोधायचंय?" चष्म्याचंही असंच: नंबर असेल तर लावा, वाचून कपाळ जड होणं थांबेल, पण अर्धशिशी चष्म्यानं जात नाही.

८. औषध सुरू झाल्यावर

औषधं दोन प्रकारची. एक झटका आला की घ्यायचं. दुसरं रोज घ्यायचं, झटके कमी व्हावेत म्हणून. महिन्यात चार किंवा जास्त दिवस वाया जात असतील तर डॉक्टर ते सुचवतात. रोजच्या औषधाचा गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "लागू पडलं नाही" म्हणून सोडणारे खूप आहेत, मीही एकदा सोडलं होतं.

सुरू करण्याआधी दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा मूल हवं असणं, यातलं काही असेल तर सांगाच. रोजच्या औषधांपैकी प्रोप्रानोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही, झटक्याच्या वेळचं ट्रिप्टान हृदयविकारात चालत नाही, रोजची टोपिरामेट आणि व्हाल्प्रोएट गरोदरपणात बाळाला घातक ठरतात. मला मिळालेल्या रोजच्या अमिट्रिप्टिलिन गोळीनं पहिला आठवडा झोप अनावर व्हायची. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी रात्री आठला घ्यायला सांगितली, मग पहाटेच्या ड्युटीला अडचण आली नाही.

आता महिन्यात दोनदा दुखतं, कधी एकदाच. वही चालूच आहे.

रेघ अजूनही अधूनमधून दिसते. ती दिसली की मी चालक मामांना सांगते, पुढच्या थांब्यावर पाण्याबरोबर गोळी घेते आणि आकडे नीट दिसेपर्यंत तिकीट प्रवाशाला वाचून दाखवायला सांगते. तुम्ही स्वतः मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवत असाल तर रेघ दिसताच बाजूला घ्या, चावी काढा, सावलीला बसा. तासाभरात नजर मोकळी होते. तासाच्या वर गेली, हात किंवा तोंड बधिर पडलं, किंवा असं आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर परत गाडीवर बसू नका. कोणाला तरी बोलवा आणि दवाखान्यात जा.